‘पळपुटा’ म्हटले की कोण सुटतो?

मराठ्यांचे राज्य कशामुळे बुडाले, हा प्रश्न ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी विचारा, कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी विचारा, नाहीतर डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये विचारा. उत्तर ठरलेले आहे: पळपुटा बाजीराव. शाळकरी मुलगा तेच सांगतो, निवृत्त शिक्षक तेच सांगतात, व्याख्यानमालेतला वक्ता तेच सांगून टाळ्या घेतो. पक्ष सोडून जाणाऱ्या पुढाऱ्याला हिणवायचे असले तरी हेच नाव पुढे येते. राज्य जाऊन दोनशे वर्षे उलटली, तरी या उत्तराला उलटा प्रश्न करणारे फार थोडे निघाले. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’ लिहून या माणसाकडे माणूस म्हणून पाहायला लावले, ‘झेप’ लिहून त्याच्या त्रिंबकजी डेंगळ्यांना उजेडात आणले. लोकांनी कादंबऱ्या आवडीने वाचल्या आणि शिवी तशीच ठेवली. मला या शिवीचा संताप येतो, कारण ती उच्चारली की पुढचा सगळा विचार थांबतो.

आधी हे मत त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडू. ते असे: पहिल्या बाजीरावाने मिळवले, दुसऱ्याने घालवले. तो भित्रा होता, विलासी होता. होळकर चालून येताच पुणे सोडून वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून त्याने स्वराज्य विकले. पुढे १८१७ मध्ये खडकीची लढाई त्याने पर्वतीवरून पाहिली आणि मग सात महिने नुसता पळत राहिला. शेवटी ३ जून १८१८ रोजी इंग्रज अधिकारी माल्कमला शरण जाऊन सालीना आठ लाखांचे पेन्शन घेतले आणि बिठूरला सुखाने राहिला. असला नादान माणूस गादीवर नसता, तर इंग्रजांचे राज्य इथे आलेच नसते.

यातल्या तारखा बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र पायापासून चुकीचा आहे.

इंग्रजांना बाजीरावाने आणले, या आरोपापासून सुरुवात करू. ठाणेकरांनी तरी हे वाक्य बोलण्यापूर्वी आपल्या शहराचा इतिहास आठवायला हवा. आज जिथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तो पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि साष्टी मराठी झाली. तोच किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस हल्ला करून जिंकला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ चा. म्हणजे ठाण्यावर इंग्रजांचा झेंडा लागला तेव्हा हा माणूस जन्मलाही नव्हता. त्याच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. पुढे १७८२ चा सालबाईचा तह झाला. त्या वेळी पुण्याचा कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता आणि तहाची बोलणी महादजी शिंद्यांनी केली. मराठी राज्यातली ही दोन सर्वांत तल्लख डोकी. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मग ठाणे कोणी घालवले? सात वर्षांच्या बाजीरावाने?

आणखी मागे जाऊ. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जाळले इंग्रजांनी, आणि त्यांना बरोबर घेऊन ही मोहीम काढली नानासाहेब पेशव्यांनी. मुंबईच्या इंग्रजांना समुद्रावर धाक होता तो आंग्र्यांचा. घरातल्या भांडणापायी इंग्रजांची मदत घ्यायची ही वाट दुसऱ्या बाजीरावाच्या जन्माआधी एकोणीस वर्षे पडलेली होती. त्या वाटेवर त्याचे चुलते चालले, वडील चालले. मग तोही चालला, तेव्हा तो एकटाच फितूर कसा ठरला?

आता वसईचा तह. तो तह घातक होता, यात वाद नाही. कमीत कमी सहा हजारांची इंग्रज पलटण पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांना विचारल्याशिवाय युद्ध करायचे नाही, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या मध्यस्थीने सोडवायचे. यात स्वातंत्र्य उरत नाही. पण ही वेळ कोणी आणली ते पाहा. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, १८०० मध्ये नाना गेले, आणि शिंदे-होळकर एकमेकांच्या जिवावर उठले. १८०१ मध्ये होळकरांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले, शिंद्यांनी होळकरांचे इंदूर लुटले. मग हेच युद्ध पुण्याच्या वेशीवर आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा मोडल्या. पेशव्याच्या राजधानीत पेशव्याचाच सरदार फौज घेऊन शिरला होता. ज्याच्या भरवशावर बाजीराव होता ती शिंद्यांची फौज हरली होती. तो कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईला पोचला. त्याने पुण्यात थांबून काय करायला हवे होते, याचे उत्तर शिवी देणाऱ्यांकडे कधी नसते.

असा तह करणारा तो पहिलाही नव्हता. निजामाने १७९८ मध्येच तैनाती फौज घेतली होती. बडोद्याच्या गायकवाडांनी १८०२ मध्ये इंग्रजांची फौज घेतली. आणि वसईच्या तहावर चिडून उठलेल्यांनी तरी काय केले? १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले, असईला आणि आडगावला हरले. यशवंतराव तेव्हा बाजूला उभे राहिले. १८०४ मध्ये यशवंतराव लढायला उठले तेव्हा शिंदे बाजूला उभे राहिले. एक लढतो आणि दुसरा पाहत बसतो, असे सलग दोन वर्षे घडले. वसईचा तह फाडायची संधी होती ती इथे. ती बाजीरावाने घालवली नाही.

‘पळपुटा’ या शब्दाचा उगम १८१७-१८ च्या युद्धात दाखवला जातो. म्हणून ते युद्ध कशावरून पेटले ते सांगणे भाग आहे, आणि त्यासाठी पुन्हा ठाण्याच्या त्या किल्ल्यात यावे लागते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी आरोप ठेवला तो बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर, आणि त्यांना मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी तिथून निसटले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते; बाहेर घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून त्यांना निरोप पोचवला, अशी हकीकत बिशप हेबर याने नोंदवून ठेवली आहे. याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले, हे ठाणेकर अभिमानाने सांगतात आणि सांगायलाच हवे. त्यांच्या आधी चौऱ्याण्णव वर्षे याच भिंतींवरून इंग्रजांना चकवून गेलेला माणूस मात्र ‘पळपुट्या’चा कारभारी म्हणून विस्मरणात गेला.

निसटलेल्या त्रिंबकजींनी माणसे जमवायला सुरुवात केली. बाजीराव त्यांना आतून मदत करतो आहे, असा इंग्रजांचा वहीम होता, आणि तो निराधार नव्हता. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने शहराला फौजेचा वेढा दिला, त्रिंबकजींना एका महिन्यात हवाली करा म्हणून बजावले आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागितले. १३ जून १८१७ चा पुण्याचा तह बाजीरावाच्या गळ्यात असा बांधला गेला. त्या तहाने पेशव्याचे मराठेशाहीतले प्रमुखपण संपले. चौतीस लाखांचा मुलूख गेला. कल्याणसह उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. कल्याणकरांनी ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढे जे घडले ते या तहाविरुद्ध घडले.

बाजीरावापुढे सोपा मार्ग होता. तह पाळायचा, पुण्यात राहायचे, इंग्रज रेसिडेंटला खूश ठेवायचे. निजाम तसाच राहिला, गायकवाड तसेच राहिले, आणि त्यांची घराणी १९४७ पर्यंत गादीवर होती. भित्र्या, विलासी माणसाला याहून सोयीचे काय असते? पण पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, बाजीरावाच्या फौजा बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली खडकीला इंग्रजांवर चालून गेल्या. त्याच दिवशी, त्याच ५ नोव्हेंबरला, दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही करून इंग्रजांना मदत करण्याचे मान्य केले. या दोन घटना एकाच तारखेच्या आहेत. एकाने युद्ध पुकारले, दुसऱ्याने सही केली. सही करणाऱ्याची गादी राहिली, युद्ध पुकारणाऱ्याची गेली. दोघांपैकी कोणाच्या नावामागे आपण ‘पळपुटा’ लावला?

तो स्वतः तलवार घेऊन पुढे नव्हता, हे खरे. त्याच्या अंगी सेनापतीचे गुण नव्हते, हेही खरे. पण मग नियम सर्वांना एकच लावा. नाना फडणवीस पानिपतावरून जीव वाचवून आले. मल्हारराव होळकर त्या रणातून निघून आले. जखमी महादजीही निसटले. त्यांच्यापैकी कोणाला आपण हा शब्द लावत नाही, आणि लावूही नये, कारण ते परतले म्हणून पुढची पंचवीस-तीस वर्षे मराठी राज्य उभे राहिले. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज रायगडावरून निघून जिंजीला गेले. मराठी राज्य वाचवणारी चाल म्हणून आपण ती शिकवतो, आणि ते बरोबर आहे. १८५८-५९ मध्ये तात्या टोपे इंग्रजांच्या फौजांना मध्य हिंदुस्थानभर फिरवत राहिले. त्याला आपण गनिमी कावा म्हणतो. मग नोव्हेंबर १८१७ ते जून १८१८ या काळातली बाजीरावाची धावपळ तेवढी पळपुटेपणा कशी?

तो कुठे कुठे गेला पाहा. पुणे सोडून माहुली, पंढरपूर, जुन्नर. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. तिथून दक्षिणेत कर्नाटकाकडे, पुन्हा वर. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले आणि बरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. तरी तो थांबला नाही. नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांशी हात मिळवण्यासाठी विदर्भात चांद्याच्या दिशेने गेला, एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ मार खाल्ला, मग असीरगडच्या बाजूला वळला. ज्याला फक्त जीव वाचवायचा आहे तो नोव्हेंबरातच शरण जातो. शिवाय माल्कमने आठ लाख का कबूल केले? गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली होती. माल्कमचे म्हणणे असे की, बाजीरावाबरोबर अजून फौज आहे, असीरगड जवळ आहे, युद्ध लांबले तर कंपनीला कितीतरी जास्त खर्च येईल. शत्रूला ज्याची एवढी काळजी होती, त्याला आपण मात्र क्षुल्लक ठरवून टाकले.

मग ही प्रतिमा आली कुठून? साक्षीदार तपासा. पहिला एल्फिन्स्टन: ज्याने त्याला तहात बांधले, ज्याच्याशी त्याचे युद्ध झाले आणि ज्याने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढून बाजीरावाच्या दुष्कृत्यांमुळे त्याचे राज्य काढून घेत असल्याचे रयतेला कळवले. दुसरा ग्रँट डफ: एल्फिन्स्टनच्या हाताखालचा अधिकारी, १८१८ पासून साताऱ्याचा इंग्रज प्रतिनिधी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनहून निघाला आणि आपल्या शाळांतल्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचाच आधार घेतला. त्यांच्याकडे कागद होते, त्यांचे कष्टही खरे होते. पण राज्य घेणाऱ्याने गादीवरून काढलेल्या माणसाचे चरित्र लिहिले, तर त्यात आरोपपत्र किती आणि इतिहास किती, हे वाचणाऱ्याने विचारायला नको?

असे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, हे वाक्य मराठी सभांमध्ये आजही ऐकू येते. इसवी सन ६४ मध्ये रोमला आग लागली तेव्हा फिडल नावाचे वाद्य जगात नव्हते. आग लागली तेव्हा नीरो शहराबाहेर अँटियमला होता. तो परतला, बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचे भाव उतरवले, हे टॅसिटसने लिहिले आहे, आणि टॅसिटस काही नीरोचा भाट नव्हता. आगीच्या वेळच्या गाण्याची गोष्ट तो अफवा म्हणूनच सांगतो. टॅसिटस त्या वेळी लहान मुलगा होता, स्युटोनियस जन्मलाही नव्हता, आणि दोघांनी लिहिले ते नीरोचे घराणे संपल्यावर, नव्या राजवटींच्या काळात. नीरोचे खरे अपराध वेगळेच: त्याने सख्ख्या आईला मारवले, बायकोला मारवले. लोकांच्या लक्षात काय राहिले? नसलेले वाद्य.

बाजीरावाचेही तेच झाले. त्याचे खरे अपराध आहेत आणि ते झाकायची माझी इच्छा नाही. एप्रिल १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. या क्रूरपणाने यशवंतरावांशी समेटाची वाट बंद झाली आणि दीड वर्षाने हडपसर घडले. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुणेकरांना छळून पैसा उपसला तो त्याच्या संमतीने. महसुलाचे मक्ते जास्त बोली लावणाऱ्याला देऊन त्याने रयतेला मक्तेदारांच्या तोंडी दिले. आणि पेशवाईत अस्पृश्यांवर लादलेल्या अमानुष निर्बंधांचा जाब तर विचारलाच पाहिजे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते एका माणसाच्या भित्रेपणाची आठवण काढायला नव्हे. त्यांचा प्रश्न एका व्यवस्थेला होता. ‘पळपुटा’ या एका शब्दाने हे सगळे प्रश्न पुसले जातात. विठोजींचा खून, रयतेची नागवण, जातीचा जुलूम, यांतले काहीच त्या शब्दात येत नाही. उरतो फक्त पळणारा एक माणूस, आणि त्याच्यावर हसायला आपण मोकळे.

‘तो नसता तर राज्य टिकले असते’, हा शेवटचा आणि सर्वांत लाडका दावा. तो गादीवर आला कसा? १७८३ मध्ये वडील वारले. त्यानंतर बाजीराव आणि त्याचे भाऊ नाना फडणवीसांच्या नजरकैदेत वाढले, आधी नाशिकजवळ आनंदवल्लीला आणि नंतर जुन्नरला. डिसेंबर १७९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला बाहेर काढून पेशवा केले. राज्यकारभाराचे शिक्षण नाही, मोहिमेचा अनुभव नाही, विश्वासाचा माणूस नाही. बारा वर्षे बंदिवासात ठेवलेल्या मुलाकडून आपण पहिल्या बाजीरावाची अपेक्षा करतो. अशा माणसावर राज्य येऊन पडावे ही त्या राज्याची व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था त्याने उभी केलेली नव्हती. डोंबिवलीत वर्षानुवर्षे तडे गेलेली इमारत कोसळते, तेव्हा शेवटच्या मजल्यावर शेवटी राहायला आलेल्या भाडेकरूला आपण दोषी धरतो काय?

आणि चांगल्या राजाला इंग्रजांनी सोडले असते, असे मानणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावे. बाजीरावाला दुष्ट ठरवून इंग्रजांनी ज्यांना गादीवर बसवले, ते प्रतापसिंह महाराज शहाणे, कष्टाळू, शिक्षणाची कदर करणारे राजे. १८३९ मध्ये त्यांनाही पदच्युत करून काशीला पाठवले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. प्रतापसिंह कुठे पळाले होते? त्यांनी कोणते स्वराज्य विकले होते? कंपनीला राज्य हवे होते. राजा वाईट असला तर त्याचे दुर्गुण कारणी लागत, चांगला असला तर दुसरे कारण शोधले जाई.

बिठूरच्या सुखासीन पेन्शनरालाही एकदा नीट पाहा. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला. त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब, त्याच्या आश्रितांच्या घरातला तात्या टोपे, त्याच्याच आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी, म्हणजे पुढची झाशीची राणी, ही सगळी मुले त्या बिठूरच्या वाड्याभोवती वाढली. १८५७ चे श्रेय मी बाजीरावाला देत नाही. पण ज्या घराला आपण भेकडांचे घर म्हणतो, तिथून इंग्रजांशी लढणारी ही माणसे निघाली, एवढे तरी मान्य करावे लागेल.

एका भित्र्या माणसाने राज्य बुडवले असे म्हटले की नानासाहेब पेशव्यांनी जाळू दिलेले आरमार सुटते, रघुनाथरावांचा सुरतेचा तह सुटतो, साष्टी परत न मिळवणारा सालबाईचा तह सुटतो, शिंदे-होळकरांची भाऊबंदकी सुटते, खडकीच्या दिवशी ग्वाल्हेरला झालेली सही सुटते, मक्तेदारी सुटते, जातीचा जुलूम सुटतो आणि परक्याचे राज्य लुटायला आलेली कंपनीही सुटते. त्या एका शिवीमागे इतके जण लपले आहेत.

ठाणे-कल्याणच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा धडा शिकवताना फळ्यावर फक्त चार तारखा लिहा: फेब्रुवारी १७५६, डिसेंबर १७७४, १३ जून १८१७, ५ नोव्हेंबर १८१७. प्रत्येक तारखेला कोण कोणाच्या बाजूने उभा होता ते मुलांना शोधायला सांगा आणि मग राज्य कोणी बुडवले ते विचारा. दुसऱ्या बाजीरावाला विठोजींच्या खुनासाठी दोषी धरा, रयतेच्या नागवणुकीसाठी दोषी धरा, त्याच्या राज्यातल्या अन्यायासाठी दोषी धरा. मराठी राज्य एकट्याने बुडवल्याचा आरोप मात्र त्याच्यावरून मागे घ्या. तो आरोप खोटा आहे.